चुन्याखालची बाई

“ह्या थराखाली काय आहे?” विभावरीनं विचारलं.

“चुना,” उस्ताद म्हणाला.

“आणि त्याच्याखाली?”

“चुना.”

“अगदी तळाला?”

उस्तादानं कुंचला बादलीच्या काठावर निथळला… “भिंत,” तो म्हणाला.

आता ह्याला काय म्हणावं! विभावरी खांबेटे काही सफेदी शिकायला आलेली नवखी पोर नव्हती. देवळांच्या भिंतींवर चुन्याखाली गाडली गेलेली चित्रं बाहेर काढण्यात तिची बारा वर्षं गेली होती. ह्या कामात तिचा हात धरणारं आपल्याकडे कुणी नव्हतं, आणि हे तिला जरा जास्तच चांगलं ठाऊक होतं.

बोलिव्हियात, आंदीजच्या डोंगरांत, नऊ हजार फुटांवर सुक्रे नावाचं शहर आहे. स्पॅनिश लोकांनी वसवलेलं. चर्च, मठ, घरं, सगळं पांढरंशुभ्र, आणि ते तसंच राहावं म्हणून दरवर्षी नव्यानं चुना द्यायचा तिथला रिवाज. सेवेरिनो चोके हा म्हातारा पंचावन्न वर्षं तेच काम करत होता. लोक त्याला मायेस्त्रो म्हणत. आपण उस्ताद म्हणू.

विभावरी सहा आठवडे जुन्या चुन्याचा अभ्यास करायला त्याच्याकडे आली होती. उस्तादानं तिची शिफारसपत्रं उलटसुलट करून पाहिली, बाजूला ठेवली आणि तिच्या हातात कुंचला दिला. झालं! पाच आठवडे बाईसाहेब निवडुंगाचा चिकट रस घालून चुना ढवळताहेत आणि लोकांच्या भिंती पांढऱ्या करताहेत. तिच्या डोक्यात नुसती तिडीक जात होती. एकदा तिनं सरळ सुनावलंच.

“जगातली निम्मी चित्रं तुमच्यासारख्या चुनेवाल्यांनी मारली, उस्ताद.”

उस्ताद ढवळत राहिला…

शेवटच्या आठवड्यात ननांच्या एका जुन्या मठाचं काम निघालं. ओवरीची अख्खी भिंत विभावरीनं एकटीनं केली. कोपऱ्यापाशी मात्र उस्तादानं तिच्या हातून कुंचला काढून घेतला. जेमतेम दाराएवढी जागा. तिथे त्यानं स्वतः चुना दिला, तापानं फणफणलेल्या तान्ह्या पोराचं अंग पुसावं इतक्या हळुवारपणे.

विभावरीच्या नजरेतून हे सुटणार होतं थोडंच? इथे काहीतरी आहे, हे तिनं तिथल्या तिथे ताडलं.

ओल्या भिंतीला नखसुद्धा लावायचं नाही, हे ती स्वतःच विद्यार्थ्यांना सांगत आलेली. पण परतीचं विमान तीन दिवसांवर आलं होतं. रिकाम्या हातांनी परत जायची तिला सवय नव्हती.

दुसऱ्या दिवशी उस्ताद जेवायला घरी गेला. तिथली दुपारची विश्रांती चांगली लांबलचक असते. विभावरीनं पिशवीतलं पातं काढलं.

ओलीनं फुगलेला चुना पापुद्र्यांनी सुटत होता. आधी तांबडा रंग दिसला. मग एक गाल. मग डोळा… काळाभोर, थेट तिच्याकडे बघणारा. ही मेरी नव्हती, कुणी संत स्त्रीही नव्हती. रुंद गालफडांची, दोन वेण्यांची, पाठीशी मूल बांधलेली डोंगरातली साधी कामकरी बाई. आणि तिच्या डोक्यामागे सोनेरी प्रभावळ!

विभावरीला आनंदानं रडूच फुटलं. शतकांनी ही बाई उजेड बघत होती, आणि तोही आपल्या हातून. फोटो, व्याख्यानं, स्वतःच्या नावाचं पुस्तक, सगळं तिला त्या ओवरीतच दिसायला लागलं.

तिनं दुसऱ्या डोळ्याला हात घातला. चुन्याचा जाड पोपडा अलगद सुटला आणि तिच्या तळहातावर आला.

खाली डोळा नव्हता. कोरी भिंत होती.

तिनं पोपडा उलटा केला. डोळा त्याच्या पाठीला चिकटून आला होता…

बारा वर्षांत असं एकदाही झालं नव्हतं. ती मटकन खाली बसली. उस्ताद परत आला तेव्हा ती तशीच बसलेली होती.

तो ओरडला नाही. तिच्याकडे त्यानं पाहिलंही नाही. भिंतीसमोर उभा राहिला आणि हळूच डोक्यावरची टोपी काढली.

विभावरी काहीबाही बोलत सुटली. भिंत ओली होती, माझी चूक झाली, मी थांबायला हवं होतं. तो ऐकतोय की नाही, तेही कळेना. शेवटी तिनं विचारलं, “तुम्हाला ठाऊक होतं?”

“आहे, एवढं ठाऊक होतं.”

मग त्यानं सांगितलं ते असं. कुणा एका चित्रकारानं मठातल्या मोलकरणीला प्रभावळ काढली. बिशपला ते दिसलं आणि त्याचं पित्त खवळलं. बाई छिन्नीनं खरवडून काढा, असा हुकूम झाला. ते काम एका चोकेवर, म्हणजे उस्तादाच्याच एका पूर्वजावर आलं. तो छिन्नी घेऊन आत गेला आणि चुना देऊन बाहेर आला. तेव्हापासून दरवर्षी त्या घरातला एकजण इथे येतो.

“पण तुम्ही हिला आधी कधी…?”

“आज पाहिली,” उस्ताद म्हणाला. “बापानं नाही पाहिली. आजोबानं नाही.”

विभावरीनं पातं पिशवीत परत ठेवलं.

उस्ताद वाकला. त्यानं कुंचला बादलीत बुडवला आणि त्या बाईच्या कपाळावरून चुन्याचा पट्टा ओढला.

विभावरीनं उठून त्याचं मनगट धरलं. “पंचावन्न वर्षांनी दिसलीय, उस्ताद. निदान डोळे भरून बघून तरी घ्या.”

त्यानं पाहिलं. बराच वेळ पाहिलं… मग मनगट सोडवून घेतलं आणि कुंचला तिच्याच हातात दिला.

तिच्या डाव्या मुठीत तो पोपडा तसाच होता. त्याबद्दल उस्तादानं काही विचारलं नाही. तिनं कुंचला उचलला. इतक्या घाईनं, की चुना मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला.

“सावकाश, पोरी,” उस्ताद म्हणाला. “आता तिला एकच डोळा आहे.”