पेशी ज्या पाण्यात राहिल्या

“...आणि मेल्यावरही त्यांचं काम चालू राहतं, हे मी कसं मानू, बाबा?”

डॉक्टर रेवती धारप विचारत होत्या. बोलणं बराच वेळ चाललं होतं. ऊन चिंचेखालून सरकत सरकत ओट्यावर आलं होतं.

हा ओटा आणि मागची एक खोपी, एवढाच मौजशा फकिरांचा तकिया. समोर तळं. वारा नव्हता, तरी पाणी हलत होतं. कशानं, कुणास ठाऊक.

“कोण मेलं, बेटी?” फकिरांचे डोळे मिटलेले.

“माझ्या पेशी.”

“म्हणजे?”

बाई मोठ्या दवाखान्यातल्या, फार शिकलेल्या. पण त्या दिवशी सोपं बोलल्या. “देह ज्यांचा बनतो ते बारीक कण, बाबा. डोळ्यांना दिसत नाहीत. आणि माझ्या तर मूळपेशी. अजून काहीच न झालेल्या. कातडं व्हा म्हटलं तर कातडं, हाड व्हा म्हटलं तर हाड.”

“काहीच न झालेल्या...” फकीर हसले. “मग आमच्याच जमातीच्या की.”

बाई हसल्या नाहीत.

“केरबा गुळव्याला ओळखता ना तुम्ही?”

“का नाही? हंगामातला पहिला गुळाचा खडा इथं आणून ठेवतो. दुसरा मागितला तर देत नाही.”

“त्याचा पाय गुऱ्हाळातल्या काहिलीत गेला. रस उकळत होता. गुडघ्याखाली कातडं म्हणून राहिलं नाही. किती दिवस झाले, जखम भरायला तयार नाही. आता माझा इलाज शेवटचा. तोही लागू पडला नाही, तर पाय कापतील.”

फकिरांनी डोळे उघडले.

“मग कर इलाज.”

“कुठला करू, तेच तर...” बाई थांबल्या. “दोन बाटल्या आहेत माझ्याकडं. एकीत पेशी. मी वाढवलेल्या, निवडलेल्या, धुऊन स्वच्छ केलेल्या. दुसरीत पाणी. पेशी ज्यात राहिल्या ते. त्या काढून घेऊन गाळून ठेवलेलं. दोन्हींची परवानगी आहे. काय वापरायचं ते माझ्यावर सोडलंय.”

“त्या पाण्यात काय असतं?”

“प्रथिनं. पेशी ती बाहेर सोडतात. शेजारपाजारी निरोप धाडावेत तशी. सूज आवरा, रक्ताला वाट करा, वाढा आता... असले निरोप.” मग हळू म्हणाल्या, “आम्ही ते पाणी ओतून द्यायचो, बाबा. मोरीत. पेशी तेवढ्या जपायच्या.”

“आणि जपलेल्या पेशी?”

“जखमेत घातल्या की थोड्या दिवसांत मरून जातात. आधी सशांवर करून पाहिलं. जखमा भरल्या, छान भरल्या. आत माझी पेशी शोधायला गेले... एक सापडेना. कातडं सगळं सशाचं स्वतःचंच.”

“बरं झालं की सशाचं.”

“बाबा!”

फकिरांनी कानाला हात लावला.

“माझ्या हाताखाली फडतरे म्हणून एक आहे. तो म्हणतो, मॅडम, केरबाची जखम फार चिडलीय, तिथं पेशी एक दिवससुद्धा जगायच्या नाहीत. पाणी द्या. ससे पाण्यानंही बरे झालेत.”

“मग?”

“मी त्याला खोलीबाहेर काढलं.”

“खरं बोलला म्हणून?”

बाईंचा चेहरा लाल झाला. “अर्धं आयुष्य मी पेशी वाढवण्यात घातलं. या कातडं होतील, या कातडं होतील, असं जगाला सांगत आले. आता काय सांगू? त्यांचं उष्टं पाणी लावलं म्हणून?”

तळ्यावर एक खंड्या आला. पाण्यात सूर मारला, गेला. वलयं मात्र काठापर्यंत येत राहिली... येत राहिली. बघता बघता डोळे जड व्हावेत, अशी ती दुपार.

“तुझी आई आहे, बेटी?”

“नाही. गेल्या सालच्या आदल्या साली गेली.”

“तुमच्यात मयताच्या घरी चूल पेटवत नाहीत.”

“नाही पेटवत.”

“मग जेवलीस काय?”

“शेजारच्या सखूमावशींनी पिठलं-भाकरी आणली. कडू घास म्हणतात त्याला.”

“तिनं खाल्ला?”

“मला भरवला.”

“अजून काय केलं?”

“काही नाही. बसून राहिल्या.” बाईंचा आवाज बदलला होता. “मग म्हणाल्या, रडून घे, आणि ऊठ. बापाला चहा लागेल. मी उठले, तर माझ्याच घरात मला साखरेचा डबा सापडेना. त्यांनीच दाखवला. वर म्हणाल्या, डॉक्टर झालीस पण फळीवरचा डबा दिसत नाही तुला.”

फकीर हसले. बाईही हसल्या, डोळे पुसत.

“मग?”

“घरी गेल्या.”

“तुझ्याकडं राहिली नाही?”

“कशा राहतील, बाबा?”

“आता कुठं असते?”

“...त्याही गेल्या.”

“आणि तुझी चूल?”

“...पेटते. रोज.” चिंचेची पानं झिरझिर खाली येत होती. एक त्यांच्या केसांत अडकलं, तेही त्यांना कळलं नाही. तळं झोपेत श्वास घ्यावा तसं वरखाली होत होतं.

मग त्यांनी पर्समधून फोन काढला.

“फडतरे... उद्या केरबाला पाण्याची बाटली. हो, तीच. पेशी नकोत. आणि ऐक, मोरीत काही ओतू नकोस... नाही रे, रागावले नाही. उद्यापासून ये खोलीत.”

फोन ठेवून उठल्या. पायात चपला घातल्या, पण पाऊल निघेना.

“बाबा, पाय बरा झाला तर केरबाला वाटेल, आपला आपणच भरला. माझ्या पेशींचं तर त्याला नावही कळायचं नाही.”

फकिरांचे डोळे पुन्हा मिटले होते. झोपले असावेत, असं वाटलं.

“चालणारा माणूस पायाकडं बघत नसतो, बेटी.”