आत्याबाईंची सावली

तर एकदा काय झालं, एका राजाला मरताना तहान लागली. राजाचं नाव भद्रसेन. वैद्यबुवा औषध उगाळायला गेलेले, दासी ताजं पाणी आणायला गेलेली. खोलीत होती फक्त त्याची थोरली बहीण. तिचं नाव सुव्रता, पण अख्खं राज्य तिला आत्याबाई म्हणायचं. आत्याबाईंनी पळीनं त्याच्या ओठांना पाणी लावलं. राजा दोन घोट प्याला नि म्हणाला, "अक्का, गादी सोमकेतूची." आणि गेला बिचारा. हे ऐकलं ते एकट्या आत्याबाईंनी. एवढं ध्यानात ठेवा, बरं का. आणि मुकुंदा, सगळं पांघरूण एकट्याकडं ओढू नकोस.

राजाला मूलबाळ नव्हतं. दोन भावांचे दोन मुलगे होते. थोरला सोमकेतू, धाकटा अरिंजय. दोघांचे आईबाप लहानपणीच गेलेले. मग दोघांना न्हाऊमाखू घालून, एका ताटात भरवून वाढवलं कुणी? आत्याबाईंनीच. आता तुम्ही म्हणाल, मग काय, आत्याबाईंनी खरं ते सांगितलं आणि संपली गोष्ट. तसं झालं असतं तर किती बरं झालं असतं. पण आत्याबाईंच्या मनात एक खडा होता. डाळीत लागतो ना दाताखाली, तेवढासाच.

झालं होतं असं. सोमकेतूचं लग्न झालं आणि हेमप्रभा सून होऊन घरात आली. गुणी पोर. पण पहिल्याच सणाला तिनं पहिलं पान वाढलं ते दारी आलेल्या एका पाहुण्याला, आणि आत्याबाईंना वाढलं दुसरं. त्या घरात पहिलं पान आत्याबाईंचं असायचं. पण सुनेला हे कुणी सांगितलंच नव्हतं, तिला बापडीला काय ठाऊक? आत्याबाई पानावर बसल्या. जेवल्या, हात धुतला, आणि राग लोणच्यासारखा मुरत ठेवला. शहाणीसुरती बाई, पण असं केलं खरं.

मग दरबार भरला. अरिंजय उठला नि म्हणाला, "काकांनी जाताना गादी मला दिली." निखालस खोटं. सोमकेतू म्हणाला, "काकांनी मला आधीच शब्द दिला होता. ते गेले तेव्हा आत्या तिथं होती, तिलाच विचारा." मग प्रधानांनी हात जोडून विचारलं, "आत्याबाई, महाराज काय म्हणाले?" आत्याबाईंनी मान वर केली. समोर पडद्याआड हेमप्रभा उभी होती. तिला पाहिलं आणि ते दुसरं पान आठवलं. आत्याबाई म्हणाल्या, "मला नीट ऐकू आलं नाही."

एवढंच बोलल्या. पण साक्ष नाही म्हटल्यावर सेनापती ज्याच्या बाजूचा, त्याचंच खरं ठरलं. आणि मेलेल्या राजाच्या नावानं खोटं बोलणाऱ्याला त्या राज्यात वनवास होता. मग काय, गादी अरिंजयाला मिळाली आणि सोमकेतू, हेमप्रभा नि त्यांची तान्ही पोर, तिघं रानाच्या वाटेला लागली.

आता त्या राज्याची एक रीत होती. घरातलं माणूस लांब निघालं, की सगळ्यांत वडील माणसानं सकाळच्या उन्हात वेशीपाशी उभं राहायचं. त्याची सावली वाटेवर पडायची, आणि जाणाऱ्यानं त्या सावलीतून पुढं जायचं. तोच आशीर्वाद. लढाईला निघालेलं सैन्यसुद्धा तसंच जायचं. मग आत्याबाई वेशीपाशी उभ्या राहिल्या. सोमकेतू वाकला, पाया पडला, एक शब्द वाकडा बोलला नाही. तिघं सावलीतून पुढं गेली. आणि मग काय झालं सांगू? आत्याबाईंची सावली दगडावरून हळूच सुटली, ओलं पातळ सोडवावं तशी, आणि त्या तिघांच्या मागं चालू लागली. आत्याबाईंनी हाक मारायला तोंड उघडलं, पण हाक मारणार कुठल्या तोंडानं? सावलीनं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

त्या दिवसापासून आत्याबाईंनी ऊन वर्ज्य केलं. "डोळ्यांना सोसत नाही," म्हणायच्या. आभाळ भरलं की तेवढ्या बाहेर पडायच्या. पहिलं पान आता रोज त्यांच्यापुढंच यायचं, पण घास गिळता गिळवायचा नाही.

मग बरीच वर्षं गेली. पोर मोठी झाली. रानातल्या पाड्यावरची मुलं तिला खेळायला घेईनात. खोटारड्याची मुलगी म्हणायची. ते सोमकेतूच्या काळजाला लागलं. त्यानं एका म्हाताऱ्या ब्राह्मणाला राजवाड्यात पाठवलं. निरोप असा होता, की गादी नको, राज्य नको, आत्यानं फक्त काय ऐकलं ते सांगावं. आत्याबाई आतल्या खोलीत बसल्या होत्या. सगळं कानावर पडलं. त्यांनी दासीकडून सांगून पाठवलं, की माझं डोकं दुखतंय. ब्राह्मण आला तसा परत गेला.

मग हेमप्रभा स्वतः आली. पाय भेगाळलेले, लुगडं विटलेलं. आत्याबाईंपुढं बसली नि म्हणाली, "आत्या, तुमची सावली आमच्याकडं आहे. ऊन तापलं की पोरीवर उभी राहते. तिच्यातच पोर झोपते. एवढी माया तिला, मग तुम्हाला का नाही?"

आत्याबाईंना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. शब्द अगदी ओठांवर आला होता. पण मनात आलं, आता सांगितलं तर लोक विचारतील, इतकी वर्षं कुठं होतीस? तेव्हा सांगायला रागानं अडवलं होतं, आता लाजेनं अडवलं. आणि लाज रागाहून चिवट असते, बाळांनो. हेमप्रभा पदर सावरून निघून गेली.

झालं. मग मागून न्याय मिळेना, म्हणून सोमकेतूनं शेजारच्या राजाकडं सैन्य मागितलं. नगराबाहेरच्या माळावर त्याची छावणी पडली. इकडं अरिंजयानंही हत्ती सजवले, भाले परजले. एकाच ताटात जेवलेले दोन भाऊ आता एकमेकांचा जीव घ्यायला निघाले, बरं का. अरिंजय आत्याबाईंकडं आला नि म्हणाला, "उद्या सकाळी वेशीपाशी ये. तुझ्या सावलीशिवाय सैन्य हलायचं नाही."

आत्याबाईंनी देव पाण्यात ठेवले. कशासाठी? लढाई टळावी म्हणून नव्हे हो. उद्या आभाळ येऊ दे, एवढंच मागितलं. बघा, माणूस लाजेनं किती लहान होतं ते. पण सकाळी आभाळ घासलेल्या ताटासारखं लख्ख होतं.

मग आत्याबाई वेशीपाशी उभ्या राहिल्या. ऊन वर आलं. वेशीची सावली पडली, झेंड्याची पडली, झेंड्यावर बसलेल्या कावळ्याचीसुद्धा पडली. आत्याबाईंची मात्र पडली नाही. पुढचा हत्ती आला आणि थांबला. सोंडेनं वाट चाचपू लागला, पण सावली सापडेना. मागचं सैन्य थबकलं. सगळे आधी जमिनीकडं पाहू लागले, मग आत्याबाईंकडं. अरिंजय ओरडला, "चला पुढं." कुणी हललं नाही.

आता आत्याबाईंना पळता आलं असतं. घेरी आल्याचं सोंग करता आलं असतं. पण समोर सगळी त्यांच्या डोळ्यांदेखत वाढलेली पोरं, हातात भाले घेऊन उभी. त्यातली निम्मी उद्या दिसणार नव्हती. मग आत्याबाई बोलल्या, "मला ऐकू आलं होतं. भाऊ म्हणाला, गादी सोमकेतूची. अरिंजय खोटं बोलला, आणि त्या खोट्याला टेकू दिला मी. सुनेनं पहिलं पान मला वाढलं नाही, म्हणून मी गप्प बसले."

सैन्यात एक म्हातारा शिपाई होता. त्याचे दोन्ही मुलगे त्याच्या शेजारीच उभे होते. तो म्हणाला, "एवढ्यासाठी, आत्याबाई?"

"होय," आत्याबाई म्हणाल्या. "एवढ्यासाठीच."

मग म्हाताऱ्यानं भाला खाली ठेवला. त्याच्या मुलांनी ठेवला. मग एकेक करत सगळ्यांनी ठेवले. अरिंजय हत्तीवरून उतरला. तोंड लपवायला त्याला जागा उरली नव्हती.

आणि आत्याबाई तशाच उन्हात, अनवाणी, माळ ओलांडून छावणीत गेल्या. तिथं झाड नाही, झुडूप नाही. पण सोमकेतूची पोर गार सावलीत गाढ झोपली होती. आत्याबाईंना पाहून सावली थरथरली, उठायला लागली. आत्याबाई म्हणाल्या, "बस गं. तू माझ्याहून बरी निघालीस. तिच्यापाशीच राहा."

सोमकेतू आला. आत्याबाईंनी त्याला सगळं सांगितलं, सुरुवातीपासून. त्यानं ऐकून घेतलं नि म्हणाला, "आत्या, फार उशीर केलास."

"केला रे," आत्याबाई म्हणाल्या. तो पाया पडायला वाकला, तेव्हा त्यांनी पाय मागं घेतले. हेमप्रभेपुढं मात्र त्या स्वतः वाकल्या.

मग सोमकेतू राजा झाला. अरिंजयाला त्यानं मारलं नाही. रानाकडं जाणाऱ्या वाटेवर दुतर्फा वड-पिंपळ लावायला सांगितले, आणि अरिंजयानं खाली मान घालून ते लावले, जगवलेसुद्धा. आत्याबाई पुढं पुष्कळ वर्षं जगल्या. सावली कधी परत मागितली नाही. आता त्या भर उन्हात बाजारातून फिरायच्या. पोरंटोरं मागं लागायची, "आत्याबाई, तुमची सावली कुठं गेली?" मग त्या थांबायच्या, पायरीवर टेकायच्या आणि सगळं सांगायच्या, त्या पानासकट. दर वेळी लाज वाटायची. दर वेळी सांगायच्या.

अशी ती सगळी माणसं पोटभर जेवून, एका घरात सुखानं राहिली. तुम्हीही जेवलायत, एका पांघरुणात आहात. मग आता भांडू नका. मिटा डोळे.