घोडीचा अडकित्ता

"कशासाठी घेतलास?"

भैरवगिरी बुवांनी विचारलं, तेव्हा सगुणा मठाच्या ओट्याखाली उभी होती.

उत्तर तिच्या नवऱ्यानं दिलं. लग्नाला दोन महिने झाले होते आणि उत्तरं देण्याचं काम विसाजीनं पहिल्याच दिवशी आपल्याकडे घेतलं होतं.

"हिला चाळण आणायला बाजारात धाडलं, बुवा. ही हे घेऊन आली."

त्यानं उपरण्यातून अडकित्ता काढून ओट्यावर ठेवला. जुना, पितळी. मान ताठ केलेल्या घोडीच्या आकाराचा, एक कान झिजलेला.

"आमच्या घरात सुपारी कुणी खात नाही. सात वर्षं आपल्या पायाशी बसतोय. गरज असेल तेच घ्यावं, मनाला वाटलं म्हणून घेऊ नये, हे इथंच शिकलो. आपणच समजवा हिला. बाजार उठेपर्यंत परत घेईन, म्हणालीय बोहारीण."

सगुणा घोडीकडे बघत राहिली. विसाजीच्या घरातली पळीसुद्धा ती यायच्या आधीची होती. तिलाही कुणीतरी रंग, उंची, पत्रिका बघूनच आणलं होतं. त्या घरात तिनं स्वतः निवडलेली वस्तू ही एवढीच.

"घरात काय काय आहे रे, विसाजी?"

विसाजी सरसावून बसला. "जरुरीपुरतंच, बुवा. तीन कुलपं, दोन ट्रंका, बारा पाट."

"जेवणारी माणसं?"

"तीन. आई, मी आणि ही."

"आणि पाट बारा."

"शेजारी पोतनिसांकडे अकरा..."

विसाजी थांबला. सगुणानं पदर तोंडाशी नेला.

"कुलपं?"

"खालच्या आळीत घरफोडी झाली, बुवा. धडकीच भरली. त्याच दिवशी तिन्ही आणली. दोन ट्रंकांना, एक दाराला."

"ट्रंकांत काय असतं?"

विसाजीनं घसा खाकरला.

"...पाट."



मग बुवा सगुणाकडे वळले. "तू सांग, बाई. कशासाठी घेतलास?"

"आवडला."

"उपयोग?"

"काही नाही."

"मी म्हटलं, परत देऊन ये... तर?"

विसाजीनं हात जोडले. बुवांचा शब्द त्या गावात आजवर कुणी मोडला नव्हता.

 सगुणानं पुढे होऊन अडकित्ता उचलला आणि मुठीत धरला.

"नाही देणार."

"अगं, कुणाशी बोलतेस!" विसाजी ओरडला.

"ज्यांनी विचारलं त्यांच्याशी." आता मागे फिरायला जागा नव्हती. "यांना पोतनिसांचा हेवा वाटला, तर घरात बारा पाट आले. धडकी भरली, तर तीन कुलपं आली. मला आनंद झाला, तर एवढीशी घोडी येऊ नये?"



बुवांनी हात पुढे केला.

सगुणा घुटमळली. मग तिनं मूठ उघडली.

बुवांनी अडकित्ता उन्हात धरला. उघडला, मिटला. पुन्हा उघडला, पुन्हा मिटला. जवळ सुपारीचं खांडही नव्हतं. तरी चार वेळा त्यांनी ते केलं, आणि चौथ्या वेळी त्यांच्या दाढीत काहीतरी हललं.

मग प्रसाद द्यावा तसा दोन्ही हातांनी त्यांनी तो सगुणाच्या ओंजळीत ठेवला.

विसाजीचा चेहरा उतरला. "मग सात वर्षं मी काय शिकलो, बुवा?"

"तुला काय आवडतं रे?"

विसाजीनं तोंड उघडलं. मिटलं. अडकित्त्याचा निदान आवाज तरी होत होता.

"...आपण सांगाल ते."

बुवांनी पायरीवरच्या उन्हाकडे पाहिलं.

"बाजार उठायला अवकाश आहे अजून. चाळण राहिलीच ना आणायची?"

"हो, बुवा. हिला परत धाडतो."

"तिला नको. तू जा... आणि आवडली तरच आण."