राजाच्या ताटातला पहिला घास

बावीस वर्षांत ठकूबाईला राजाच्या ताटात एकदाही विष सापडलं नाही, आणि हाच तिचा गुन्हा ठरला.

मेघोटे संस्थानात रीतच तशी होती. राजाच्या ताटातला पहिला घास ठकूबाईने खायचा, अर्धी घटका सगळ्यांसमोर बसायचं, आणि ती धडधाकट राहिली की मग राजाने जेवायचं. यात वरण गार व्हायचं, एवढीच काय ती राजाची तक्रार. पण दिवाण विसाजीपंतांनी नोकरांच्या पगाराचे नवे नियम काढले. ज्याच्या कामाचं फळ दिसेल त्यालाच पगार. ज्याचं दिसणार नाही त्याची जागा रद्द, आणि त्याचं काम जवळच्या अधिकाऱ्याच्या गळ्यात. नियम अजून प्रस्तावितच होते, बरं का. हरकत घ्यायची सगळ्यांना मुभा होती. फक्त जाहीरनामा हत्तीखान्याच्या मागच्या भिंतीवर लावला होता. हत्तीने हरकत घेतली नाही, तेव्हा कुणाचीच नाही असं धरलं गेलं.

दिवाणांनी ठकूबाईला दरबारात उभं केलं. राजालाही गरम वरणाची आशा लागली होती. तो म्हणाला, "उद्या दुपारच्या जेवणापर्यंत कामाचं फळ दाखव. नाहीतर घरी जा."

आता आली पंचाईत! विष सापडलं म्हणावं तर नारू आचारी फासावर, नाही म्हणावं तर स्वतःची चूल बंद. नारू त्याच संध्याकाळी तिच्या दारात येऊन बसला. रडायला सोबत म्हणून बायकोलाही घेऊन आला होता. ठकूबाईने दोघांना सांगितलं की डोळे पुसा, आणि उद्याचं श्रीखंड तेवढं नीट घोटा.

दुसऱ्या दिवशी ताट आलं. भरली वांगी, वरणभात, तूप, श्रीखंड. ठकूबाई हात मागे घेऊन उभी राहिली. घास का घेत नाहीस, असं राजाने विचारलं. ती म्हणाली की माझी जागा तर चाललीच, तेव्हा नव्या नियमाने हे काम जवळच्या अधिकाऱ्याचं, आणि सगळ्यांत जवळ दिवाणसाहेबच बसलेत.

"घ्या, पंत," राजा म्हणाला.

पंतांना आठवलं की आपला सोमवारचा उपास आहे. आज मंगळवार आहे, असं कुणीतरी मागून सांगितलं.

"मंगळवारही धरतो," पंत म्हणाले. "आजपासून."

राजाने सेनापतीकडे पाहिलं, तर सात लढाया मारून आलेल्या त्या वीराची दाढ ठणकायला लागली. राजवैद्यांना स्वतःचीच नाडी मंद लागली. पुरोहितांनी खुणेने सांगितलं की मौन आहे. जन्मात पहिल्यांदाच! मौनात जेवता येतं, हे मात्र कुणी बोललं नाही. नारू बिचारा म्हणाला, मी खातो. पण आचाऱ्याने आपल्याच वांग्यांची साक्ष दिली तर ती मानायची कुणी?

वरण गार झालं. भातावरचं तूप थिजलं. राजाच्या पोटात कावळे ओरडत होते, पण हात काही ताटाकडे जाईना.

"ठकूबाई, खरं सांग. काही घातलंय का यात?"

"काही नाही, सरकार. नारूने रोजच्यासारखंच रांधलंय. काल तुम्ही वांगी तीनदा मागून घेतलीत, आज बोट लावत नाही. काल मी घास घेतला होता, आज घेतला नाही, एवढाच फरक. माझ्या कामाचं फळ दिवाणसाहेब ताटात शोधत बसले. ते रोज दुपारी तुमच्या पोटात जात होतं!"

राजा असा हसला की पाटावरून कलंडला. ठकूबाईची जागा कायम झाली, पगार दुप्पट झाला, वर राजाच्या हातातलं सोन्याचं कडं मिळालं. नियमांचा कागद राजाने फाडला नाही. त्यात फक्त एक ओळ घातली: जो दुसऱ्याची जागा रद्द करायला सांगेल, त्याने आधी महिनाभर ती जागा सांभाळून दाखवावी.

"महिना आजपासून धरा, पंत," असं म्हणत त्याने ताट दिवाणांपुढे सरकवलं.