कात्री कचेरीत हजर

तळकोट संस्थानात प्लेग शिरला आणि शिंपी आळीच्या तोंडाला दोर बांधला गेला. आतल्यांनी बाहेर यायचं नाही, बाहेरच्यांनी आत जायचं नाही. आळीत एकवीस घरं, सगळी भाड्याची, सगळ्यांचं पोट हातावर. काम बंद पडलं, पण भाडं काही बंद पडलं नाही. घरमालक केसोशेट दोरापलीकडे उभा राहून नाकाला कापूर लावायचा आणि ओरडायचा, "अमावास्येला भाडं आलं नाही तर सगळ्यांना रस्त्यावर काढीन आणि घरांना कुलपं घालीन!"

रणधवलराव महाराज मनाचे मोठे. त्यांनी दवंडी पिटवली, दोराआडच्या प्रत्येक घराचं भाडं, पखालीचं पाणी आणि दिव्याचं तेल दरबार देईल. आळीतल्या म्हाताऱ्यांनी राजवाड्याच्या दिशेने हात जोडले. ते जोडलेलेच राहिले, कारण महिना उलटला तरी कोणाला थेंबभर तेल मिळालं नाही.

दिवाण विसाजीपंतांनी हुकमाला एक लहानसं शेपूट लावलं होतं. ज्याला मदत हवी त्याने 'महिनाभर आपण घराबाहेर पडलो नाही' अशी शपथ कचेरीत स्वतः हजर राहून घ्यावी!

निवृत्ती शिंप्याची लेक येसू, आळीत वाचता येणारी ती एकटीच. तिने तो कागद वडिलांना वाचून दाखवला. "आबा, कचेरीत गेलो तर घराबाहेर पडलो. नाही गेलो तर शपथ नाही. हे लिहिणाऱ्याला पगार मिळतो?"

"मोठ्या माणसांनी लिहिलंय, पोरी. त्यामागे काही विचार असेल."

"असेल तर तोही घराबाहेर पडलेला दिसत नाही."

शेजारच्या खिडकीतून रखमाजी न्हावी म्हणाला, "सबुरी ठेव गं. आम्ही काय पावसाळे कमी पाहिले?"

"काका, अमावास्या परवा आहे. तिला सांगा सबुरी ठेवायला."

त्याच दिवशी महाराज घोड्यावरून दोरापर्यंत आले. मागे विसाजीपंत. येसू माडीच्या खिडकीतून ऐकत होती.

"एकवीस घरं, महाराज, आणि मदतीसाठी एकही माणूस कचेरीत आला नाही," विसाजीपंत समाधानाने म्हणाले. "प्रजा सुखी आहे."

"सुखी प्रजा इकडे वर आहे, सरकार," येसू म्हणाली.

आबांनी मागून तिचा पदर ओढला. तिने तो सोडवून घेतला आणि दिवाणजींचं शेपूट महाराजांना शब्दन् शब्द ऐकवलं. महाराजांच्या कपाळाला आठी पडली. पण शिक्का त्यांचाच होता, आणि शिक्का मारलेला कागद फिरवणं त्या घराण्यात कोणाला माहीत नव्हतं.

"आमचा हुकूम झाला तो झाला," ते म्हणाले. "उद्या दुपारच्या आत सगळ्या आळीने कचेरीत हजेरी लावावी. दोर मात्र कोणी ओलांडायचा नाही. जमलं तर दरबार सगळं देईल, वर तुला बक्षीस. नाही जमलं तर केसोशेट त्याची कुलपं घालायला मोकळा."

घोडा वळला. आळीतले सगळे म्हातारे एकदम येसूवर वळले. "झालं समाधान? होती ती आशाही घालवलीस!"

"बोलून झालं असेल तर आपापली हत्यारं द्या," येसू म्हणाली.

सकाळी धान्याची गाडी दोराशी आली. येसूने आबांची कात्री, रखमाजीचा वस्तरा, कोष्ट्याचा धोटा, चांभाराची रापी अशी खिडक्याखिडक्यांतून हातोहात आलेली एकवीस हत्यारं उकळत्या पाण्यातून काढली, कडुनिंबाची धुरी दिली, प्रत्येकाला मालकाच्या नावाची चिठ्ठी बांधली आणि टोपली माडीच्या खिडकीतून दोरापलीकडे गाडीवानाच्या हाती सोडली. "कचेरीत नेऊन ओळीने मांड. कोणी विचारलं तर सांग, शिंपी आळी हजर आहे."

दुपारी महाराज परत आले. विसाजीपंतांचा चेहरा लालबुंद झाला होता.

"थट्टा आहे ही!" ते ओरडले. "प्लेगच्या आळीतली टोपली बघून कारकून टेबलांवर चढले, महाराज! आणि शपथ कोणी घ्यायची? कात्रीने?"

"कात्रीवरचा गंज बघितलात का, दिवाणजी?" येसूने विचारलं. "रोज चालणाऱ्या कात्रीला गंज धरत नाही. माणसाची शपथ खोटी असू शकते. महिनाभराचा गंज एका रात्रीत कुठून आणणार?"

महाराज मान हलवता हलवता थांबले. "गंज कबूल. पण मुली, हत्यार आलं म्हणजे माणूस हजर झाला, हे कोणत्या शास्त्रात बसतं?"

"तुमच्या लग्नाच्या, सरकार."

आबांनी डोळे मिटून घेतले.

"मुहूर्ताच्या दिवशी तुम्हाला कांजिण्या निघाल्या होत्या," येसू म्हणाली. "वैद्यांनी तुम्हाला राजवाड्याबाहेर पडू दिलं नाही. मग मांडवात तुमची तलवार गेली. तिच्या मुठीला बांधलेल्या मुंडावळ्या माझ्या आबांनी शिवल्या. राणीसाहेबांनी तलवारीला माळ घातली आणि दिवाणजींनी आपल्या हाताने दफ्तरात लिहिलं, नवरदेव स्वतः हजर. आता आबांची कात्री गैरहजर धरायची असेल तर धरा, सरकार. पण मग राणीसाहेबांना कोण सांगणार की त्यांचं लग्न अजून व्हायचंय?"

मग महाराज असे हसले, असे हसले, की घोडा बिचकून दोन पावलं मागे सरला.

"विसाजीपंत, तुम्ही सांगता का राणीसाहेबांना?"

"नको, महाराज!"

"मग लिहा. शिंपी आळी स्वतः हजर. एकवीस घरांचं भाडं आजच केसोशेटच्या हातावर ठेवा आणि दोर सुटेपर्यंत दर महिन्याला ठेवत जा. पखालीबरोबर आणि तेलाच्या बुधल्याबरोबर तुम्ही जातीने इथवर यायचं. आणि या मुलीला आमच्या तोशाखान्यातलं विलायती शिवणयंत्र द्या."

"आणि ती हत्यारं, महाराज?"

"कचेरीत बोलावलेल्या माणसाला आपण कसं परत पाठवतो?"

"विडा-नारळ देऊन, महाराज."

संध्याकाळी महाराजांची पालखी शिंपी आळीच्या दोराशी येऊन थांबली. आत मखमलीवर एकवीस हत्यारं होती, प्रत्येकापुढे विडा आणि नारळ. पुढे विसाजीपंत चालत आले होते, पायी.