कडेच्या पाच ओळी

एकदा एका वृद्ध बीजतज्ज्ञांच्या हाताखाली दोन शिष्य काम करत होते, आणि त्यांतला थोरला धाकटीवर मनातून जळत होता. थोरल्याचे नाव पद्माकर. दहा वर्षे खपून त्याने कापसाचे एक वाण तयार केले होते. संध्याकाळी चिमट्याने फुलातले पुंकेसर काढायचे, दुसऱ्या सकाळी हव्या त्या झाडाचे पराग आणून लावायचे आणि पुढच्या हंगामाची वाट पाहायची, असे दहा हंगाम. वाणाचा धागा लांब होता, बोंड टपोरे होते. उणीव एकच, बोंडअळीलाही ते तितकेच आवडे.

धाकटी रेवती. ती औषधांच्या प्रयोगशाळेतून आली होती. माणसाच्या शरीरात इन्सुलिन तयार करणारे जनुक जिवाणूत घालायचे आणि मधुमेह्यांचे ते औषध जिवाणूंकडून करवून घ्यायचे, हे तिचे तिथले काम. इथे तिने तीच विद्या शेतासाठी वापरली. मातीतल्या एका जिवाणूचे जनुक तिने पद्माकरच्या वाणात घातले. आता त्या झाडाचे पान खाल्ले की अळी मरे. चार वर्षांत काम फत्ते झाले. वाणाला नवे नाव मिळाले आणि वर्तमानपत्रात फोटो आला तो रेवतीचा.

मत्सराची नजर फार बारीक असते. ज्यांनी तो केला आहे त्यांना हे ठाऊक आहे, आणि मी स्वतःला त्यातून वगळत नाही. गुरुजी रेवतीशी बोलताना किती वेळा हसले, हे पद्माकर मोजत असे. गुरुजींना मधुमेह होता. रोज सकाळी ते इन्सुलिन टोचून घेत, तेव्हाही याला वाटे, हे तिचेच कौतुक चालले आहे. रेवती त्याला दादा म्हणे, तर त्याला त्या दादा म्हणण्याचाही राग येई.

बियाणे बाजारात जाण्यापूर्वीची शेवटची चाचणी होती. गुरुजींनी शेतात मधोमध रेवतीची रोपे लावली आणि चारी कडांना पाच-पाच ओळी पद्माकरच्या मूळ वाणाच्या. त्या ओळींची देखरेख त्यांनी पद्माकरवर सोपवली आणि बजावले, की तिथे अळीला हात लावायचा नाही, खाईल तेवढे खाऊ द्यायचे. असे का करतात, हे पद्माकरने पुस्तकात वाचले होते. परीक्षेत लिहून पैकीच्या पैकी गुणही मिळवले होते. पण आता त्याला एवढेच दिसत होते, की तिचे पीक मानाने मधोमध आहे आणि आपले अळ्यांच्या पुढ्यात टाकले आहे.

त्याला ते सोसवेना. रोज सगळे न्याहारीला गेले की तो कडेच्या ओळींत शिरे आणि एकेक अळी वेचून रॉकेलच्या पाण्यात टाकी. महिनाभरात त्या ओळी मधल्या पिकाइतक्याच हिरव्यागार दिसू लागल्या.

मग बियाण्यांचे एक बडे व्यापारी शेत पाहायला आले. कडेपाशी थांबून त्यांनी बोंडे हातात घेतली आणि विचारले, की जुनेच वाण इतके देखणे आहे तर नव्याची गरज काय? रेवतीचा चेहरा उतरला. तो उतरलेला पाहून पद्माकरला अतिशय बरे वाटले. कित्येक दिवसांत त्याला असे बरे वाटले नव्हते.

गुरुजी प्रयोगशाळेत गेले आणि एक ट्रे घेऊन आले. त्यात लहान लहान डब्यांत अभ्यासासाठी पाळलेल्या बोंडअळ्या होत्या. म्हातारा वाकला आणि मऊ कुंचल्याने एकेक अळी उचलून पद्माकरच्या झाडांवर सोडू लागला. व्यापारी चकित होऊन पाहत राहिले.

पद्माकर पुढे झाला. “माझ्याच झाडांवर का, गुरुजी?”

गुरुजी म्हणाले, “रेवतीच्या झाडांवर हजारात एखादी अळी विष पचवून जगते. तिचं पाखरू होतं, जोडीदार शोधतं. जोडीदारही विष पचवणाराच मिळाला, तर त्यांची पिल्लं हे शेत फस्त करतील आणि रेवतीचं जनुक काही वर्षांत निकामी होईल. तुझ्या ओळींत विष न पाहिलेली पाखरं भरपूर असली, तर जोडी त्यांच्याशी जमते आणि पिल्लं पुन्हा विषाने मरतात. तिचं बियाणं तुझ्या ओळी राखतात, पद्माकर. आपलं दहा वर्षांचं काम अळी खात असताना पाहत राहायचं, हे सोपं नाही. तुला जमेल असं मला वाटलं होतं.”

पद्माकरने मान खाली घातली. व्यापाऱ्यांना मात्र यात दुसरेच काही दिसले. ते म्हणाले, नव्या बियाण्यासोबत कडेला पेरायच्या जुन्या बियाण्याचे वेगळे पाकीट द्यायचेच कशाला? अळ्यांसाठी कोण पेरतो? लोक ते बांधावर फेकून देतील. गुरुजींनी पद्माकरकडे बोट दाखवले. “कडेच्या ओळी याच्याकडे आहेत. हा म्हणेल तसं करू.”

पद्माकरने व्यापाऱ्यांना नुसते ‘हो’ म्हटले असते तरी पुरे होते. काही वर्षांत रेवतीचे बियाणे आपोआप हरले असते आणि दोष कुणी त्याला दिला नसता. हा विचार त्याच्या मनात आला, बराच वेळ थांबला. त्याने रेवतीकडे पाहिले. ती त्याच्याकडेच पाहत होती.

“पाकीट राहील,” तो म्हणाला. “ते का पेरायचं, हे मी गावोगाव जाऊन सांगेन.”

“पण पद्माकरराव, नाव तर बाईंचं होणार. तुमचं काय जातंय?”

“कडेचं वाण माझं आहे, शेटजी. आणि आतलंही माझंच आहे, तिने त्यात एक जनुक घातलंय.”

हेवा त्या दिवशी संपला, असे मी म्हणणार नाही. तो इतक्या लवकर संपत नसतो. पण सगळे गेल्यावर पद्माकर कडेच्या ओळीत उकिडवा बसला. समोरच्या बोंडाला एक अळी भोक पाडत होती. त्याचे डोळे भरून आले, पण त्याने हात पुढे केला नाही. ती आत शिरेपर्यंत तो पाहत राहिला.