जावईबापूंनी मेल सोडली

रेल्वेच्या कडेला वसलेल्या एका गावात एक भोळा जावई होता. नाव कोंडाजी. मनानं निर्मळ, पण सांगितलेला शब्द जसाच्या तसा पाळायचा. त्यामुळे कुठलंही काम त्याच्या हाती टिकायचं नाही. शेवटी बायकोनं, भागूनं, त्याला आपल्या परशामामांच्या हवाली केलं.

मामा स्टेशनाच्या सिग्नल केबिनमध्ये होते. केबिन गावात पहिली आगगाडी आली तेव्हाची, लाकडी, जिना चढून जायची. आत उंच लोखंडी खटक्यांची रांग. खटका ओढला की तार ताणायची आणि पार तिकडे सिग्नलचा हात खाली पडायचा, म्हणजे गाडीला वाट मोकळी. फाटक उघडं असेल तर सिग्नलचा खटका जागचा हलायचाच नाही. कोंडाजीला वाटलं, हे तर आपल्यासारखेच, सांगितल्याबाहेर जात नाहीत. त्याला नोकरी फार आवडली.

मामा म्हणाले, "जावईबापू, घामाच्या हातानं लोखंड गंजतं. काहीही धरायचं झालं तर फडक्यानं धरा."

तपासणीला साहेब आले. खुशीत होते, त्यांनी हात पुढे केला. कोंडाजीनं तेलकट फडकं घेतलं, साहेबांचा हात त्यात नीट गुंडाळला आणि मग हलवला. पांढरी बाही कोपरापर्यंत काळी झाली. पुन्हा असं झालं तर जावयाबरोबर मामाही घरी जातील, असं बजावून साहेब निघून गेले.

जावई पडला, ओरडायची सोय नाही. मामांनी एवढंच समजावलं की कोणी मोठं समोर आलं, की मागं सरावं, सलाम करावा, वाट द्यावी.

मग सरपंचांचा वळू फाटकाशी आला. तो साहेबांहून मोठाच होता. कोंडाजी मागं सरला, सलाम केला, वाट दिली. वळू रुळांवर बसून रवंथ करू लागला आणि मालगाडी शिट्ट्या घालत ताटकळली. त्याला हुसकावताना मामांचं धोतर फाटलं.

"असं धूड रुळावर दिसलं," मामा धापा टाकत म्हणाले, "तर लाल झेंडी घेऊन आडवं व्हायचं. पुढं जाऊच द्यायचं नाही."

त्यानंतर मेल आली. ही गाडी त्या स्टेशनात कधीच थांबत नसे. मामांनी सिग्नल पाडून ठेवला होता. पण कोंडाजीला रुळावर धूड दिसलं. तो लाल झेंडी घेऊन आडवा झाला. मेल किंचाळत थांबली. ड्रायव्हर खाली उतरून भांडू लागला, उतारू खिडक्यांतून डोकावू लागले. कोंडाजी हलेना.

मामा जिन्यावरून धावत आले. नोकरी डोळ्यांसमोरून चालली होती.

"जावईबापू, पाया पडतो तुमच्या. ड्रायव्हरसाहेबांची समजूत मी काढतो. तुम्ही आधी गाडी सोडा."

कोंडाजीला मामांची फार कीव आली. या खेपेस चुकायचं नाही, असं ठरवून तो इंजिनामागं पळाला.

ड्रायव्हर कसाबसा शांत झाला, वर चढला. शिट्टी झाली. इंजिन निघालं आणि वळणाआड गेलं. डबे मात्र जागेवरच.

डब्याखालून कोंडाजी बाहेर आला. कपडे काळे, चेहरा समाधानी.

"सोडली, मामा. जू फार घट्ट होतं. बैल गेला चरायला. आता गाडी सावलीला ओढू या का?"